मोनॅझाइट, गॅसबत्ती आणि तुर्भे : एका विरल फॉस्फेट खनिजाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास लिहिताना शेती, जातिव्यवस्था, सहकार, दुष्काळ, वारी अशा विषयांकडे अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे जाते. रात्रीच्या उजेडाचा इतिहास मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. वस्तुतः गावात वीज येण्यापूर्वीच्या सुमारे अर्धशतकात लग्नाची वरात, तमाशाचा फड, कीर्तन, जत्रा, निवडणुकीची सभा या सर्व सार्वजनिक प्रसंगांना उजेड पुरविणारे एक प्रमुख साधन म्हणजे गॅसबत्ती होय. आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम वेळापूर येथे असतो. अशा मुक्कामाच्या गावांनीही विजेपूर्वीच्या काळात रात्रीचे भजन-कीर्तन याच बत्तीच्या प्रकाशात अनुभवले. या बत्तीच्या काचेआड लोंबणारी पांढरी जाळी, जिला बोलीत ‘मेंटल’ म्हणतात, ती कशाची बनलेली असते हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तिचे मूळ मोनॅझाइट या विरल फॉस्फेट खनिजात आहे. ते खनिज भारताच्याच किनाऱ्यावर विपुल असूनही त्यापासून तयार झालेली जाळी दीर्घकाळ परदेशी उद्योगाच्या हातात होती.

प्रस्तुत लेखात मोनॅझाइटचे गुणधर्म व आढळ यांचा थोडक्यात परिचय करून देऊन, हे खनिज त्रावणकोरच्या वाळूतून युरोपात, तेथून पुन्हा भारतीय खेड्यात आणि अखेरीस मुंबईजवळच्या तुर्भे येथे कसे पोहोचले, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. विषय भूशास्त्र, रसायनशास्त्र व इतिहास या तिन्ही शाखांना स्पर्श करणारा असला तरी येथे दृष्टी इतिहासाची आहे.

खनिजाचे स्वरूप व आढळ

मोनॅझाइट हे मुख्यत्वे सेरियम, लँथॅनम, निओडिमियम इत्यादी विरल मृदा मूलद्रव्यांचे फॉस्फेट असून त्यात थोरियम कमी-अधिक प्रमाणात असते. वृत्तपत्रीय मराठीत या मूलद्रव्यांना ‘दुर्मिळ मृदा’ असे म्हटले जाते. खनिजाचे स्फटिक एकनताक्ष असतात. रंग पिवळसर, मधासारखा ते तांबूस तपकिरी, चमक राळेसारखी, कठिनता ५ ते ५.५ आणि विशिष्ट गुरुत्व साधारणतः ४.६ ते ५.५ असते. साध्या वाळूतील क्वॉर्ट्‌झचे विशिष्ट गुरुत्व २.६५ आहे. म्हणजे मोनॅझाइटचा कण त्याच आकाराच्या साध्या वाळूच्या कणापेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतो. या एका गुणधर्मावर त्याचा सारा आर्थिक इतिहास उभा आहे. भारतीय मोनॅझाइटमध्ये थोरियम ऑक्साइडचे प्रमाण सुमारे ८ ते १० टक्के असते. जगातील इतर अनेक साठ्यांच्या तुलनेत ते अधिक असून त्यामुळेच पुढे या वाळूला आंतरराष्ट्रीय महत्त्व आले.

खनिजाचे नामकरण जर्मन खनिजशास्त्रज्ञ आउगुस्ट ब्राइटहाउप्ट यांनी १८२९ मध्ये केले. ‘एकटे असणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. उरल पर्वतातून मिळालेले त्याचे स्फटिक सुटे, एकेकटे आढळत असत, हे त्यामागील कारण. योगायोगाने, नॉर्वेतून आलेल्या एका वेगळ्याच खनिजात बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांना थोरियमचा शोध लागला तोही याच सुमारास, १८२८ मध्ये. या दोन घटनांचा परस्परसंबंध लक्षात येण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

मोनॅझाइट ग्रॅनाइट, पट्टिताश्म व पेग्मटाइट यांसारख्या खडकांत बारीक कणांच्या रूपात विखुरलेले असते. खडक झिजतो, इतर खनिजे कुजून जातात, परंतु मोनॅझाइट रासायनिक दृष्ट्या चिवट असल्याने टिकते. नद्या ते समुद्राकडे नेतात. मोसमी लाटा हलकी वाळू मागे ओढून नेतात आणि इल्मेनाइट, रूटाइल, झिर्कॉन, गार्नेट, सिलिमनाइट यांच्यासह जड मोनॅझाइट किनाऱ्यावर साचत जाते. धान्य पाखडताना सुपात जे घडते, तेच समुद्र हजारो वर्षे करीत आला आहे, असे म्हणता येईल. केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश व ओडिशा येथील किनारे या दृष्टीने समृद्ध आहेत. अणुऊर्जा विभागाच्या अलीकडील आकडेवारीनुसार देशातील मोनॅझाइटचा साठा सुमारे १ कोटी ३१ लाख टन आहे.

सोलापूर जिल्ह्यात, किंबहुना दख्खनच्या पठारावर, हे खनिज शोधण्यास जाणाऱ्यास निराशाच पत्करावी लागेल. येथील भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने बनलेली आहे. बेसॉल्ट या काळ्या खडकात थोरियम व विरल मृदा अत्यल्प असतात. वेळापूरचे यादवकालीन अर्धनारीनटेश्वर मंदिर ज्या काळ्या पाषाणात घडविले आहे, त्या पाषाणाने पठाराला कापसाची काळी जमीन दिली, पुण्या-नाशकाकडे झिओलाइटचे सुंदर स्फटिक दिले, परंतु मोनॅझाइट दिले नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळी वाळू इल्मेनाइटसाठी प्रसिद्ध आहे. तीही मुख्यतः याच खडकाच्या झिजेतून आलेली असल्याने मोनॅझाइटच्या साठ्यात महाराष्ट्राचा वाटा नगण्य ठरतो. त्यामुळे आपल्या प्रदेशाचा या खनिजाशी आलेला संबंध भूगर्भातून आलेला नसून बाजारातून आणि प्रयोगशाळेतून आलेला आहे.

मँटलचा शोध आणि त्रावणकोरची वाळू

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांतून दगडी कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे लागू लागले. मुंबईच्या रस्त्यांवर असे दिवे १८६५ मध्ये लागले. तथापि हा दिवा म्हणजे उघडी पिवळी ज्योतच होती. उजेड मंद आणि काजळी भरपूर. यात क्रांती घडविली ती कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने. हायडेलबर्ग येथे बुन्सेन यांच्या हाताखाली त्याने विरल मृदांचा अभ्यास केला होता. १८८५ मध्ये त्याने डिडिमियम हे एकच मूलद्रव्य समजले जाणारे द्रव्य निओडिमियम व प्रासिओडिमियम यांत विभागून दाखविले आणि त्याच वर्षी तापदीप्त जाळीचे पहिले एकस्व घेतले. ही पहिली जाळी हिरवट प्रकाश देई व लवकर मोडे. अनेक प्रयोगांनंतर १८९१ मध्ये त्याला योग्य प्रमाण सापडले : ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड.

या मिश्रणाचे मर्म समजून घेणे उद्‌बोधक आहे. सुती वा तत्सम धाग्याची विणलेली जाळी थोरियम व सेरियमच्या नायट्रेटच्या द्रावणात भिजवून वाळवितात. दिव्यात ती प्रथम पेटविली की धागा जळून जातो आणि त्याच आकाराचा ऑक्साइडचा नाजूक सांगाडा उरतो. थोरियम ऑक्साइडचा वितळबिंदू ३,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने ज्योतीत तो टिकून राहतो, तसेच अवरक्त उष्णतेच्या रूपाने फारशी ऊर्जा बाहेर टाकत नाही. त्यामुळे जाळी अतिशय तापते. दृश्य प्रकाश देण्याचे काम तो एक टक्का सेरियम करतो. सेरियम वाढविले तर उजेड घटतो आणि अजिबात काढून टाकले तरीही घटतो. ज्योत निळी व जवळजवळ प्रकाशहीन असते. उजेड येतो तो राखेतून.

थोरियमची मागणी यामुळे एकाएकी वाढली. प्रारंभी अमेरिकेतील कॅरोलिना प्रांतांतून आणि मुख्यतः ब्राझीलच्या किनाऱ्यावरून मोनॅझाइटची वाळू युरोपात जाऊ लागली. थोरियम नायट्रेट तयार करण्याच्या धंद्यावर जर्मन कारखान्यांचे वर्चस्व होते. याच पार्श्वभूमीवर १९०९ मध्ये सी. डब्ल्यू. शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनॅझाइट आढळले. पायपुसण्या व दोरखंड यांच्यासाठी निर्यात होणाऱ्या काथ्याने, ध्यानीमनी नसताना, किनाऱ्याचे गुपित परदेशी पोहोचविले. लवकरच मानवलकुरिची येथे वाळू वेगळी करण्याचे काम सुरू झाले. हे ठिकाण आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. त्रावणकोरच्या वाळूतील थोरियमचे प्रमाण ब्राझीलपेक्षा अधिक असल्याने तिने अल्पावधीतच बाजार काबीज केला.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनला एक विचित्र वास्तव जाणवले. वाळू ब्रिटिश साम्राज्याच्या छत्राखालील संस्थानातली, दिवे लंडन व मँचेस्टरच्या रस्त्यांवरचे, परंतु मधले रसायन मात्र जर्मनीचे. यानंतर जर्मन हितसंबंध दूर करून हा व्यवसाय ब्रिटिश कंपन्यांच्या हाती आणला गेला. येथे एक बाब नोंदविणे आवश्यक वाटते. मालकी बदलली तरी त्रावणकोरचे स्थान बदलले नाही. किनाऱ्यावरील मजुरांनी वाळू गोळा करावी, संस्थानाने स्वामित्वधन घ्यावे आणि जहाज सुटावे, एवढाच व्यवहार राहिला. खनिज फोडून त्यातून थोरियम काढण्याची विद्या किनाऱ्यावर उतरली नाही.

गॅसबत्ती आणि गावाची रात्र

शहरांत विजेचे दिवे आल्यावर मँटलचे महत्त्व ओसरावयास हवे होते. तसे झाले नाही, याचे कारण रॉकेलची दाबबत्ती. बर्लिन येथील एरिख अँड ग्रेट्झ या कंपनीने १९१०च्या सुमारास ‘पेट्रोमॅक्स’ बाजारात आणली. टाकीत रॉकेल भरून हवा भरावयाची, स्पिरिट पेटवून नळी तापवावयाची, की रॉकेलची वाफ होऊन मँटलमध्ये निळ्या ज्योतीने जळू लागते. वायूच्या नळांचे जाळे नसलेल्या मुलखात शहरी दर्जाचा उजेड पोहोचविणारे हे यंत्र होते. मराठीत ते गॅसबत्ती या नावाने रूढ झाले. त्यात वायूची टाकी नसतानाही ‘गॅस’ हा शब्द टिकला, तो वायूच्या दिव्यांची आठवण म्हणूनच असावा.

या उजेडाने ग्रामीण सार्वजनिक जीवनात काय बदल घडविले, याचा स्वतंत्र अभ्यास होणे गरजेचे आहे. मशाल, टेंभा, हिलाल यांच्या हलत्या, धुरकट उजेडात रंगणारा तमाशाचा फड गॅसबत्तीच्या स्थिर पांढऱ्या प्रकाशात आला, तेव्हा नटाचा चेहरा मागच्या रांगेपर्यंत दिसू लागला. प्रेक्षकसंख्या वाढणे आणि तिकिटाचा तंबू शक्य होणे यांच्याशी या उजेडाचा निकटचा संबंध आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गावातील बहुतेक कुटुंबांना बत्ती विकत घेणे परवडत नसे. ती एका रात्रीच्या भाड्याने मिळे. पंप मारणे, पिन मारून नळी मोकळी करणे, मेंटल बांधणे ही एक कारागिरीच होती. मेंटल एकदा जळाले की धक्क्याने, कधी किड्याच्या झडपेनेही फुटत असे. म्हणून बत्तीवाला जवळ एक-दोन नवे मेंटल बाळगूनच असे. वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या स्त्री-पुरुषांची नोंद तर कोणत्याच वधू-वरांच्या छायाचित्रांखाली नाही. सर्वांना उजेड देणारे हे लोक रोजंदारीवरचे, बहुधा गावातील सर्वांत गरीब थरातले असत.

मोनॅझाइटचा आणखी एक अंश खेड्यापाड्यांत पोहोचला होता. थोरियम काढून घेतल्यावर उरणाऱ्या विरल मृदांच्या ढिगाचे काय करावयाचे, हा वेल्सबाखपुढे प्रश्न होता. त्याने सेरियमप्रधान मिश्रधातूत लोह मिसळून ठिणगी देणारा दगड तयार केला व १९०३ मध्ये त्याचे एकस्व घेतले. लायटरमधील ‘चकमक’ ती हीच. सिगारेट पेटविणारी ठिणगी आणि गॅसबत्तीची जाळी ही एकाच वाळूची दोन अपत्ये आहेत, हे त्यांचा वापर करणाऱ्यास कळण्याचे काही कारण नव्हते.

थोरियम किंचित किरणोत्सर्गी आहे, हे श्मिट व मेरी क्युरी यांनी १८९८ मध्येच दाखविले होते. एका मँटलमध्ये काही शे मिलिग्रॅम थोरियम असते. त्यापासून वापरणाऱ्यास होणारा संसर्ग अल्प मानला जातो. तरीही फुटलेल्या मेंटलची राख श्वासावाटे आत जाऊ नये, एवढी साधी सूचनाही गावापर्यंत आली नाही. १९९० नंतर अनेक पाश्चात्त्य उत्पादकांनी थोरियमऐवजी इट्रियमचा वापर सुरू केला.

त्रावणकोर, दिल्ली आणि वॉशिंग्टन

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी येथे अणुबाँब पडले आणि दिव्याच्या जाळीचे हे खनिज एका रात्रीत राजकारणाचा विषय बनले. थोरियमपासून युरेनियम-२३३ हे विखंडनक्षम इंधन तयार होऊ शकते, हे तोपर्यंत ज्ञात झाले होते. त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी हे महत्त्व अचूक ओळखले. मोनॅझाइटच्या पुरवठ्याबाबत त्यांनी ब्रिटिश सरकारशी स्वतंत्र करार केला आणि ११ जून १९४७ रोजी, सत्तांतरानंतर त्रावणकोर स्वतंत्र राहील अशी घोषणा केली. त्यांच्या आत्मविश्वासामागे या वाळूचा वाटा होता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. २५ जुलै रोजी तिरुवनंतपुरम येथे दिवाणांवर प्राणघातक हल्ला झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच संस्थानाने भारतात सामील होण्याचे मान्य केले. संस्थानांच्या विलीनीकरणाचा इतिहास शिकविताना हैदराबाद, जुनागढ व काश्मीर यांचा उल्लेख होतो. त्रावणकोरचे प्रकरण, त्यात खनिजाची भूमिका एवढी ठळक असूनही, आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

१९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा झाला व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. डॉ. शांतिस्वरूप भटनागर व डॉ. के. एस. कृष्णन हे अन्य सदस्य होते. कच्च्या मोनॅझाइटची निर्यात बंद ठेवून त्यावरील प्रक्रिया देशातच करावयाची, हे धोरण ठरले. त्यासाठी एका फ्रेंच कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेण्यात आले. ऑगस्ट १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स लिमिटेडची नोंदणी झाली आणि अलवाये (आजचे आलुवा) येथील कारखान्याचे उद्‌घाटन २४ डिसेंबर १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तेथे मोनॅझाइट तीव्र दाहक सोड्यात शिजवून फोडले जाई. खनिजातील फॉस्फेटचा भाग ट्रायसोडियम फॉस्फेट या रूपाने वेगळा होऊन धुलाईच्या व जलशुद्धीकरणाच्या कामासाठी विकला जाई. खनिज ज्या फॉस्फेट गटातले, तो फॉस्फेट या सर्व कथेत उपउत्पादनच राहिला.

या धोरणाची कसोटी लगेचच लागली. १९५१ साली भारतात तीव्र अन्नटंचाई होती व सरकारने अमेरिकेकडे २० लाख टन धान्याची मागणी केली होती. अमेरिकन काँग्रेसमधील काही सदस्यांनी गव्हाच्या बदल्यात मोनॅझाइट मिळावे, असा आग्रह धरला. उपासमारीच्या छायेतही नेहरूंनी ही अट नाकारली. अखेर १९ कोटी डॉलरच्या कर्जाच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १५ जून १९५१ रोजी स्वाक्षरी केली आणि मोनॅझाइट त्यातून बाहेर राहिले. महाराष्ट्रातील जिरायती, अवर्षणप्रवण जिल्ह्यांतील वाचकांना या निर्णयाचे वजन वेगळ्याने सांगावयास नको. शिधापत्रिकेवरील धान्य आणि दूरच्या किनाऱ्यावरील वाळू यांचा सौदा तेव्हा खरोखर टेबलावर होता. त्यास नकार देणे योग्य होते काय, यावर मतभेद संभवतात. तथापि सौदा झाला असता तर पुढील दोन वर्षांत उभी राहिलेली प्रक्रिया-उद्योगाची साखळी कच्च्या मालाअभावी दुबळी झाली असती, हे नाकारता येत नाही. १९५३ मध्ये भारताने सुमारे एक टन थोरियम नायट्रेट पोलिश जहाजातून चीनला पाठविले. हे मँटल-उद्योगाचे नेहमीचे रसायन. परंतु अमेरिकन कायद्यानुसार त्यामुळे भारताची मदत थांबण्याची वेळ आली. बऱ्याच खलबतांनंतर ती थांबली नाही.

तुर्भे : महाराष्ट्राचा वाटा

अलवाये येथे वेगळे झालेले थोरियमचे अशुद्ध द्रव्य मुंबईजवळील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे येऊ लागले. अणुऊर्जा विभागाच्या वतीने इंडियन रेअर अर्थ्‌सने चालविलेला थोरियम कारखाना तेथे ऑगस्ट १९५५ मध्ये सुरू झाला. त्याची दोन उत्पादने होती : अणुऊर्जेच्या संशोधनासाठी अतिशुद्ध थोरियम ऑक्साइड आणि मँटल-उद्योगासाठी थोरियम नायट्रेट. एकाच छताखाली भविष्यातील अणुभट्टीचे इंधन आणि गावच्या जत्रेतील बत्तीचे रसायन तयार होत होते. विज्ञानाच्या इतिहासात तुर्भ्याचा उल्लेख ऑगस्ट १९५६ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीमुळे होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या गावांना अणुभट्टी हा शब्दही ठाऊक नव्हता, त्यांच्यापर्यंत मँटल-उद्योगामार्फत तुर्भ्याचे पहिले उत्पादन पोहोचण्याचा मार्ग या थोरियम कारखान्याने खुला केला होता.

भाभांनी १९५४ मध्ये मांडलेल्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमात थोरियमला अंतिम स्थान आहे : आधी नैसर्गिक युरेनियम, मग प्लुटोनियम वापरणाऱ्या प्रजनक भट्ट्या आणि शेवटी थोरियमपासून मिळणारे युरेनियम-२३३. या इंधनावर चालणारी ‘कामिनी’ ही लहान संशोधन भट्टी कल्पाक्कम येथे १९९६ मध्ये कार्यान्वित झाली. तिसरा टप्पा औद्योगिक प्रमाणावर अद्याप सुरू झालेला नाही.

दरम्यान केरळच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांचा प्रश्न वेगळाच आहे. चवरा-नीण्डकरा परिसरात वाळूतील मोनॅझाइटमुळे नैसर्गिक किरणोत्सार इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी अधिक आहे. करुनागपल्ली तालुक्यातील सुमारे ७० हजार रहिवाशांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन पाहणीत या किरणोत्सारामुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले नाही. वाळू-उपशामुळे होणारी किनाऱ्याची धूप आणि मच्छीमार वस्त्यांचे विस्थापन हे मात्र तेथील आजही धगधगते प्रश्न आहेत.

विशेष म्हणजे या खनिजाचे मोल आता उलटे झाले आहे. वेल्सबाखच्या काळी थोरियम हवे होते आणि निओडिमियमसारखी मूलद्रव्ये कचरा मानली जात. आज विजेवरील मोटारी व पवनचक्क्या यांच्या चुंबकांसाठी निओडिमियम व प्रासिओडिमियम यांची मागणी आहे, तर थोरियम पुढील टप्प्यासाठी साठवून ठेवले जाते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही विरल मृदा मूलद्रव्ये व चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याची बंधने घातली, तेव्हा भारतातील वाहन-उद्योगाची अडचण झाली. देशात मोनॅझाइट आहे आणि ऑक्साइड वेगळे करणारी शासकीय कंपनीही आहे. १९५० ची इंडियन रेअर अर्थ्‌स आता आयआरईएल (इंडिया) लिमिटेड या नावाने ओळखली जाते. मात्र त्या ऑक्साइडपासून धातू आणि धातूपासून चुंबक बनविणारे कारखाने भारतात अत्यल्प आहेत. १९१४ साली ब्रिटनची जी अडचण मँटलच्या बाबतीत झाली होती, तिच्याशी ही स्थिती ताडून पाहण्यासारखी आहे.